हवेचा उंचवटा

नवरा गेल्यावर त्याची खुर्ची मला मिळाली. कुणाच्या वाट्याला घड्याळ येतं, कुणाच्या चष्मा. माझ्या वाट्याला चाकांची, एका बाजूला कलणारी खुर्ची आली आणि तिच्यासमोर चालू असलेला रिअ‍ॅक्टर. संचालक म्हणाले, चाचणी अशी अर्ध्यावर सोडता येणार नाही आणि ती पुरी करण्याइतकं तिच्याबद्दल माहीत असलेलं दुसरं कुणी नाही. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते.

मला काही वाटत नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही आणि कौतुक म्हणून तर नाहीच. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की ओठ जसा होतो, जागेवर असतो पण आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. लोक भेटायला येत, माझा हात हातात घेत, माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत आणि ते न सापडल्यामुळे जरा हिरमुसून परत जात. एक चुलत नणंद दारात कुजबुजली की हिनं मनावर दगड ठेवलाय. दगडबिगड काही नव्हता. दगड असता तर निदान वजन तरी लागलं असतं.

आमची संस्था पेट्रोलियमच्या रसायनावर संशोधन करते. आम्ही दोघंही तिथेच कामाला, तो कॅटॅलिस्टच्या विभागात आणि मी मेम्ब्रेनच्या. लग्नानंतर सासूबाईंनी मला विचारलं होतं की हे नेमकं असतं तरी काय. मी सांगितलं, कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता दुसऱ्यांचं काम लवकर उरकून देणारी वस्तू. त्या म्हणाल्या, म्हणजे नर्स. त्या स्वतः निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे त्यांना हा विषय लगेच कळला. मेम्ब्रेन म्हणजे असा पातळ पडदा की त्यातून एकच वायू पार जातो आणि बाकीचे अडतात, असं सांगितल्यावर म्हणाल्या, म्हणजे गाळणी. झालं. तेव्हापासून घरात आणि मग नवऱ्याच्या कृपेनं संस्थेतही मी गाळणीबाई झाले. त्याला सगळे कोळसेवाले म्हणत, कारण त्याची सगळी नोकरी कोळशाशी भांडण्यात गेली.

कॅटॅलिस्ट संपत नाही हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात तापलेल्या नळीतून वायू त्याच्यावरून जाऊ लागला की त्याच्या अंगावर कोळशाची पुटं चढतात आणि तो गुदमरतो. आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये प्रोपेन जायचा. त्यातला हायड्रोजन काढून घेतला की प्रोपिलीन उरतं, आणि त्यापासून जगातल्या निम्म्या बादल्या आणि दोऱ्या बनतात. हायड्रोजन तिथल्या तिथे बाजूला काढला तर प्रोपिलीन जास्त मिळतं, आणि ते काम माझ्या पडद्याचं. पण हायड्रोजन गेला की कोळसाही जास्त धरतो, आणि ते दुखणं त्याचं. म्हणजे माझं काम जितकं चांगलं व्हायचं तितका त्याला मनस्ताप. आमचा संसार याच एका भांडणावर इतकी वर्षं धडधाकट चालला.

या शेवटच्या चाचणीत नळीत त्याच्या नव्या गोळ्या होत्या, फिकट पिवळ्या, मसुराएवढ्या. त्यांना लागून माझा पडदा, आणि पडद्यापलीकडून हायड्रोजन वाहून न्यायला वाफ. आणि कोळसा काही धरेना. महिने लोटले तरी गोळ्यांचं काम पहिल्या आठवड्याइतकंच. कोरड्या, म्हणजे वाफ न मिसळलेल्या, वायूत आणि हायड्रोजन ओढून घेत असताना कोळसा न धरणारा कॅटॅलिस्ट आजवर कुणाला जमला नव्हता. नवरा खूश होता. खूश असला की तो जास्तच भांडकुदळ व्हायचा, त्यामुळे शेजाऱ्यांनाही ते कळायचं.

मग एका दुपारी तो त्या खुर्चीतच गेला. समोर संगणकावर आलेख चालू आणि हनुवटी छातीवर. जेवणानंतर तो असाच डुलकी काढायचा, म्हणून काचेच्या दारातून आत बघणाऱ्यांना काही वेगळं वाटलं नाही. रिअ‍ॅक्टरचा ऑपरेटर तिथून दोनदा गेला आणि साहेबांची झोप मोडू नये म्हणून त्यानं दार हळूच ओढून घेतलं. मी आवारापलीकडच्या इमारतीत माझ्या पडद्यांच्या नळ्यांची टोकं घासत बसले होते. तो किती वेळ तसा बसून होता ते कुणालाच सांगता येईना.

सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, “जवळ कोण होतं?”

कुणी नव्हतं, असं मी सांगितलं.

त्यांच्या वॉर्डात कुणी एकट्यानं जाऊ नये असा त्यांचा दंडक असायचा. नातेवाईक वेळेवर पोचले नाहीत तर त्या स्वतः स्टूल ओढून बसत, मग बाकीची कामं बोंबलत का राहिनात. कुणी त्यांच्या पाळीत एकटं गेलंच तर घरी येऊन त्या पानावरून उठत, असं नवरा सांगायचा. लहानपणी आईचं ताट तसंच राहिलेलं दिसलं की आज काहीतरी झालंय हे त्याला समजायचं. आणि आता संस्थेतून जो कुणी भेटायला येई त्याला त्या तेच विचारत. जवळ कोण होतं? एखाद्याला संकोचामुळे सांगायचं राहिलं असेल, अशी आशा त्यांच्या आवाजात असे. ऑपरेटर आला तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला की आजी, मला वाटलं झोपलेत. त्या त्याला काही लागेलसं बोलल्या नाहीत. त्याच्यासाठी चहा केला, साखर किती ते विचारलं. रडल्या नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांत कुणीच रडत नव्हतं, त्यामुळे शेजाऱ्यांची मोठी पंचाईत झाली.

पण रिअ‍ॅक्टर अजून चालू आहे हे ऑपरेटरनं त्यांना सांगून ठेवलं. साहेबांनी लावलेला आहे तसाच चाललाय, एकदाही बंद पडलेला नाही. तेव्हापासून मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातून प्रश्न येई.

“आज ताप किती?”

“पाचशे ऐंशी.”

“म्हणजे उतरला नाही.”

“नाही, आई.”

एवढं झालं की त्यांच्या हातातलं काम पुढे सुरू होई. मला आधी याचा राग यायचा, म्हणजे यायला हवा होता एवढं कळायचं. मग सवय झाली. आकडा रोज तोच असे, कारण तो यंत्रानं धरून ठेवलेला आकडा होता, पण त्यांना तो रोज ऐकायचा असे. मुलगा गेला आणि त्याचं काहीतरी अजून गरम आहे, एवढ्यावर त्या दिवस ढकलत होत्या. मी कशावर ढकलत होते ते मला सांगता येणार नाही.

आता चूक सांगते. आमच्याच धंद्यातल्या माणसांनी करावी अशी चूक.

रिअ‍ॅक्टरमधून निघणाऱ्या वायूचा थोडा नमुना ठरावीक वेळानं तपासणीच्या यंत्रात सोडतात. त्यात काय काय आहे ते कागदावर उमटतं, एकेका वायूचा एकेक उंचवटा. अगदी सुरुवातीला कडेला एक बुटका उंचवटा यायचा. तो हवेचा. नमुना आपोआप घेणारी झडप यंत्राला होती, पण नवऱ्याचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो काचेच्या सिरिंजनं हातानं नमुना काढायचा आणि म्हणायचा, नाडी हातानंच बघायची असते. हा हट्ट सरळ आईकडून आलेला. हातानं काढलं की सुईत थोडी हवा शिरतेच. हवेचा उंचवटा हिशेबातून वगळायचा हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात आणि त्यानंतर जन्मभर कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

तो गेल्यावर ऑपरेटरनं झडप जोडून घेतली, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी खुर्चीत बसून रोज निघणारे कागद उलटत असे. वाचत असे असं म्हणवत नाही. एका सकाळी असाच कागद उलटताना माझा अंगठा त्या बुटक्या उंचवट्यावर पडला आणि मी थांबले. झडपेत हवा शिरायला वाटच नव्हती. सिरिंज नाही, सुई नाही, तो नाही. मग ही हवा कुठून येत होती?

मी मागचे कागद काढले. त्याच्या हातचे आणि झडपेचे. उंचवटा तेवढाच, फार तर सुताएवढा कमी.

आमच्या त्या म्हाताऱ्या यंत्रातून हवा आणि कार्बन मोनॉक्साइड एकाच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे कागदावर दोघांची जागा एकच. हवा नव्हती, म्हणजे दुसरा होता. आणि कार्बन मोनॉक्साइड व्हायचा तर कोळशाला कुठून तरी ऑक्सिजन मिळायला हवा. त्या नळीच्या आसपास ऑक्सिजन बाळगणारी एकच वस्तू होती, पडद्यापलीकडची वाफ. माझा पडदा गळत होता. एखाद्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून वाफ आत झिरपत होती आणि गोळ्यांवर बसू पाहणारा कोळसा बसायच्या आधीच खरवडून नेत होती. गोळ्या चांगल्या होत्या, चारचौघींसारख्या. कोळसा न धरण्याचा गुण त्यांचा नव्हता, गाळणीच्या भोकाचा होता.

हे कळल्यावर मला काय वाटलं, तर काही नाही. मी उठले, पाणी प्याले, परत येऊन बसले. खुर्ची नेहमीप्रमाणे डावीकडे कलली.

खात्री करायला फार काही करायचं नव्हतं. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पडद्यापलीकडून वाफेऐवजी नायट्रोजन सोडायचा. तो हायड्रोजन वाहून नेण्याचं काम तितक्याच इमानानं करतो, फक्त कोळशाच्या वाटेला जात नाही. गोळ्या खरंच अद्भुत असतील तर काही बदलणार नाही. नसतील तर काही दिवसांत गुदमरतील.

मी संचालकांकडे गेले. त्यांच्या खोलीत कुंडीतलं एक झाड आहे, त्याची पानं ते बोलताना पुसत असतात. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद खिडकीशी धरून पाहिले, आणि बराच वेळ एकच पान पुसत राहिले. मग जे होतं ते सांगितलं. मोठ्या कारखान्यासाठी आराखडा करायचं ठरत आलं होतं. कॅटॅलिस्टला नवऱ्याचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि ते मला चाचणी संपल्यावर सांगणार होते. मी म्हटलं, गळणाऱ्या वाफेचाच गुण असेल तर मग मुद्दाम वाफ सोडून चालवायचा की झालं, असं कुणी म्हणेल. त्यावर ते स्वतःच म्हणाले की तसं तर लोक केव्हापासून करताहेत, त्यात नवं काय. आम्हा दोघांनाही आमचा विषय येत होता, ही त्यातली अडचण होती.

“थोडेच दिवस राहिलेत,” ते म्हणाले. “चाचणी आहे तशी पुरी होऊ द्या. पडदा काय, नंतर कधीतरी बघू. त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?”

नंतर कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे आमच्या संस्थेत शिपायालाही माहीत आहे. मी त्यांना विचारलं की कारखान्यात पडदे गळके बसवणार का. तिथे ते पक्के बसतील आणि गोळ्या आठवडाभरात कोळसा होतील, नळ्या चोंदतील, आणि त्या मोकळ्या करायला कुणातरी माणसाला आत उतरवतील. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले की रिअ‍ॅक्टर तुमच्याकडे आहे, तुम्हीच ठरवा. म्हणजे ते नामानिराळे. मला राग यायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा आलाही. बऱ्याच दिवसांत आलेली ती पहिली भावना, म्हणून मी ती जिन्यावरून उतरताना जपून खाली आणली. आवारात येईपर्यंत ती गेली होती.

नवऱ्याच्या नावाचं मला फारसं ओझं नव्हतं. तो असता तर उंचवटा दिसल्यावर त्यानं चहासुद्धा न पिता वाफ बंद केली असती, आणि वर मलाच झापलं असतं की गाळणीबाई, तुझ्या भोकाचं श्रेय मला कशाला चिकटवतेस. त्याची मला खात्री होती. माझा हात अडत होता तो संध्याकाळच्या प्रश्नापाशी. गोळ्या गुदमरल्या की चाचणी संपणार, चाचणी संपली की नळी तापवणारी भट्टी विझवायची. मग त्या स्वयंपाकघरातून विचारतील, आज ताप किती? आणि मी काय सांगणार? तुमच्या मुलाचं उरलेलं तेवढंही मी बंद करून आले?

दोन दिवस मी कागद उलटत बसले. संध्याकाळी पाचशे ऐंशी म्हणून सांगितलं, आणि ते ऐकून त्यांनी चमच्यानं भाजीची चव घेतली, हे पाहिलं. तिसऱ्या सकाळी मी पर्स टेबलावर ठेवली, कोट घातला आणि वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. ऑपरेटरनं काही न विचारता नायट्रोजनचा उघडला.

पुढचा नमुना निघाला आणि कडेचा बुटका उंचवटा एकदम टेबलावरच्या कपाएवढा झाला. नायट्रोजनही त्याच जागी उमटतो. पलीकडचा नायट्रोजन भोकातून सरळ आत येत होता, म्हणजे पडदा गळका याबद्दल आता शंका उरली नाही. ऑपरेटर कागदाकडे बघून म्हणाला की मॅडम, हे तर हवेचं. मी नाही म्हटलं. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि त्यानं ऐकून झाल्यावर विचारलं की आता साहेबांच्या गोळ्या किती टिकतील. मी म्हटलं, बघू.

पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रोपिलीनचा उंचवटा खाली येऊ लागला. नमुन्यागणिक थोडा, पण न चुकता. करण्यासारखं काही नव्हतं. चाचणी चालू असताना माणूस तिथे असायलाच हवा असंही नाही, आकडे आपोआप साठतात. तरी मी बसून राहिले. घरी जाववेना आणि माझ्या इमारतीतही जाववेना. रिअ‍ॅक्टरला कान लावला तर भट्टीचा एक बारीक घुमणारा आवाज येतो, त्याच्यात काही फरक पडत नाही. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. काचेच्या दारातून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई आळसावून बसलीय.

दुपारी मी जेवायला उठेना, तेव्हा ऑपरेटर बाजूचं स्टूल ओढून बसला.

“मॅडम, तुम्ही खाऊन या,” तो म्हणाला. “मी बसतो जवळ.”

मी गेले. परत आले तेव्हा तो तसाच बसला होता, हात मांडीवर ठेवून, आलेखाकडे बघत. मी आल्यावरही उठला नाही. त्यानंतर आम्ही दोघं आलटून पालटून बसू लागलो. इतर विभागांतली माणसं काहीतरी निमित्त काढून डोकावून जात. कुणी पाना मागायला यायचं, कुणी पाना परत करायला. संचालकसुद्धा एकदा आले. उभ्या उभ्या आलेख पाहिला, ओठ मिटले आणि जाताना दार त्यांनी उघडंच ठेवलं.

अशाच एका संध्याकाळी घरात शिरले तेव्हा प्रश्न आलाच.

“आज ताप किती?”

“पाचशे ऐंशी.”

ते खोटं नव्हतं. भट्टी तेवढीच गरम होती. पण सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी सलग काही दिवस उशिरा येत होते आणि डबा अर्धामुर्धा परत आणत होते. ज्या बाईनं उभा जन्म पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे वाचले तिच्यापासून काय लपणार?

“आणि श्वास?” त्यांनी विचारलं.

“कमी होतोय.”

“उपाय नाही?”

“आहे. एक वाफ आहे, ती सोडली की परत चालेल. पण तेव्हाही वाफच चालवत होती, आई. त्याच्या गोळ्या नव्हत्या चालत. हे आधी कळलं नव्हतं.”

मी त्यांना सगळं सांगितलं, सिरिंज, हवेचा उंचवटा, माझ्या पडद्याचं भोक. रसायन त्यांना किती पोचलं कुणास ठाऊक. त्यांनी फक्त मध्ये एकदा विचारलं की वाफ बंद कुणी केली, आणि मी केली म्हटल्यावर मान हलवली. मग खुर्चीवर बसल्या. नळ्या लावून ठेवलेली माणसं खूप पाहिली मी, एवढंच म्हणाल्या. मला वाटलं आता त्या मला काहीतरी बोलतील. बोलायला हवं होतं, मी त्यासाठी तयारही होते.

“उद्या लवकर जा,” त्या म्हणाल्या. “डबा मी तिथे खाण्यासारखा कोरडा भरते. उगाच उठत बसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. ऑपरेटर माझ्याही आधी आला होता. दुपार कलेपर्यंत प्रोपिलीनचा उंचवटा इतका खाली आला की कडेच्या त्या नायट्रोजनपुढे तो दिसेना. अशा वेळी चाचणी संपली असं धरतात. त्याला आमच्याकडे काही समारंभ नाही, प्रोपेन बंद करायचा आणि भट्टी विझवायची. प्रोपेन मी बंद केला. भट्टीच्या बटणाकडे ऑपरेटरचा हात गेला होता, पण तो थांबला आणि बाजूला सरकला, म्हणून तेही मीच दाबलं. घुमणारा आवाज थांबला. मग लोखंड निवताना टक टक करतं तसं करू लागलं, आधी भरभर, मग मधूनमधून. आम्ही ते पुरतं थांबेपर्यंत बसलो. तोवर खोलीत अंधारून आलं होतं आणि दिवा लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

गोळ्या निवल्यावर काढायच्या, त्या काळ्याच निघणार हे मला माहीत होतं. अहवालात काय लिहायचं तेही माहीत होतं. पडदा गळका, कॅटॅलिस्ट साधा. ऑपरेटरनं माझा कोट खुंटीला लावला आणि फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. तिथे तो म्हणाला, बरं झालं मॅडम, तुम्ही मला बसू दिलं. मी हो म्हटलं.

घरात शिरले तर सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. कढईत काहीतरी परतत होत्या. आज त्यांनी ताप विचारला नाही. मी चपला काढल्या, हात धुतले, टॉवेलला पुसले. आपल्याला आता सांगावं लागणार, असं मनात आलं, आणि त्याचं वाटायला हवं होतं तेवढं भय वाटलं नाही.

“आई, मी भट्टी बंद करून आले,” मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. वळल्या नाहीत.

“जवळ कोण होतं?”

“मी होते.”

“शेवटपर्यंत?”

“हो. मी आणि तो ऑपरेटर. दोघंही होतो.”

“फार धडपड नाही ना झाली?”

“नाही. हळूहळू कमी होत गेलं.”

त्यांनी उलथणं कढईत तसंच सोडलं आणि भिंतीला धरून खाली फरशीवर बसल्या, जपून, म्हातारी माणसं बसतात तशा. मग त्या रडू लागल्या. इतके दिवस ज्या पाण्याचा टिपूस निघाला नव्हता ते पाणी मोठ्यानं, आवाज करत, शेजारी ऐकताहेत का याची पर्वा न करता निघालं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. माझे डोळे कोरडे होते, ओठ अजून आपला नव्हता. कढईत भाजी तळाला लागायला लागली होती आणि धूर निघत होता.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.